बघितलं म्हणून आत

माझ्या आत्याने खून केला नव्हता, चोरी केली नव्हती, दारू गाळली नव्हती. तिने खून बघितला होता. त्यासाठी सरकारने तिला दोन वर्षं तुरुंगात ठेवलं, आणि ज्याने खून केला तो तेवढी दोन वर्षं आमच्या बंदरावर खुर्ची टाकून विड्या ओढत बसला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट सांगायला लागलो की लोक मध्येच विचारतात, "पण तिने केलं काय होतं?" काही नाही. तिने काही केलं नव्हतं.

तिचं नाव सगुणा. बोरिवलीच्या पश्चिमेला, जिथे शेतं संपून खाडीचा चिखल सुरू होतो, तिथे आमचा कोळीवाडा. आत्याचं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. नवरा महादू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. ती सकाळी टोपली डोक्यावर घेऊन बोरिवलीच्या बाजारात बसायची. आवाज असा, की दोन ओळी पलीकडे बसलेल्या बायका म्हणायच्या, "सगुणा ओरडली, आता आमचं गिऱ्हाईक पण जागं झालं." पापलेटाचे कल्ले उचलून कुणी नाक मुरडलं की ती म्हणायची, "वास नको तर भेंडी घे ना बाय, पलीकडे हाय." असं बोलूनही तिची टोपली सगळ्यांत आधी रिकामी व्हायची. सहासष्ट साली ती पंचविशीची असेल. पदरात एकच पोर, कमळ, अंगावर पिणारी.

गावात मार्तंड म्हणून एक होता. आमच्यातलाच. एकेकाळी त्याची एक होडी होती, मग पाच झाल्या. खाडीतली मासळी तेवढीच आणि होड्या पाच, याचा अर्थ सगळ्यांना समजत होता. बाहेर खोल समुद्रात गलबतं थांबायची, त्यांवरून घड्याळं आणि सोनं उतरायचं आणि आमच्या खाडीतून आत यायचं. गावातले होड्या चालवणारे निम्मे तांडेल त्याच्यासाठी फेऱ्या मारायचे. धर्मा मारत नव्हता. धर्मा तिशीतला, स्वतःची होडी असलेला, बापाविना वाढलेला, थोडा हट्टी. मार्तंडने त्याला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा धर्मा चारचौघांत म्हणाला, "माझ्या होडीत मासली येते. दुसरा काय आणलास तर कस्टमवाल्यांना मीच सांगेन."

पुढच्या आठवड्यात भर दुपारी, ओहोटी लागलेली असताना, आत्या बोंबील परतायला गेली. बंदराच्या मागे बांबूच्या वलांड्या होत्या, त्यांवर बोंबील जोडीजोडीने अडकवून सुकत घातलेले. कमळला तिने पाठीशी बांधलं होतं. बोंबलांच्या रांगांमधून तिला दिसलं ते असं: मार्तंडच्या दोघा माणसांनी धर्माचे हात मागून धरले होते आणि मार्तंड वल्ह्याने त्याच्या डोक्यात घालत होता. एकदा नाही. धर्मा खाली बसला तरी घालत होता.

आत्या किंचाळली. मार्तंडने मान वळवून तिच्याकडे बघितलं. तो पळाला नाही. त्याने डबक्यात वल्हं धुतलं, खांद्यावर टाकलं आणि चालत गेला.

माझा बाप, हरेश्वर, तिचा सख्खा मोठा भाऊ, तिथून हाकेच्या अंतरावर जाळं सांधत बसला होता. पोलिसांना त्याने सांगितलं की माझी पाठ होती. त्या दिवशी बंदरावर असलेल्या सगळ्यांचीच पाठ होती. एवढ्या पाठी असलेलं गाव मी दुसरं बघितलं नाही.

आत्याने मात्र चौकीवर जाऊन सगळं सांगितलं. महादू वाटेत तिचा हात धरत होता. "सगुणा, आपल्याला इथेच राहायचं हाय."

"धर्माच्या आयशीला पण इथेच राहायचं हाय," ती म्हणाली आणि हात सोडवून पुढे गेली.

मार्तंडला पकडलं. गावात क्षणभर असं वाटलं की काहीतरी होईल. पण काही आठवड्यांनी त्याच्या वकिलाने डॉक्टरचा दाखला आणला, छातीत दुखतं म्हणून, आणि तो जामिनावर सुटून आला. होडीतून उतरला तेव्हा चार माणसं त्याला हात द्यायला पुढे झाली. छातीत दुखणारा माणूस त्या संध्याकाळी चिंबोरीचं कालवण खाऊन ढेकर देत गल्लीतून फिरला. त्याच रात्री आत्याची वलांडी पेटली. वर्षभराचे बोंबील, दोन जाळी, सगळं. सकाळी राखेत उभी राहून ती गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "अजून एकदा जाते चौकीवर. थांब तू."

ही तिची चूक झाली, असं गाव म्हणतं. मी म्हणतो, बाईने पोलिसाकडे संरक्षण मागणं ही चूक असेल, तर मग चौकी बांधली कशाला?

फौजदार तरुण होता, चंद्रप्रकाश नावाचा, बोलायला सभ्य. त्याने तिला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या एकुलत्या एक साक्षीदार. तुम्हाला काही झालं तर केस गेली. मी मॅजिस्ट्रेटसाहेबांना सांगून तुमची सुरक्षित ठिकाणी सोय करतो. तुमच्या भल्यासाठीच."

"कुठे?"

"सरकारी जागा आहे. बायकांचीच. खाणंपिणं सगळं तिथे."

तिला वाटलं, आश्रमासारखं काहीतरी असेल. तिने दोन लुगडी, कमळचं झबलं आणि हळदकुंकवाची डबी बांधून घेतली. मॅजिस्ट्रेटने मान वर न करता सही केली. जीप शहरात शिरली आणि एका उंच भिंतीच्या दरवाजापाशी थांबली. दरवाजातला छोटा दरवाजा उघडला. आत एका बाईने तिचं लुगडं झटकून झडती घेतली, मंगळसूत्र काढून घेतलं आणि विचारलं, "गुन्हा काय?"

"गुन्हा नाय. मी साक्षीदार हाय."

ती बाई, जमादारीण, तिला सगळे शांताबाई म्हणायचे, हसली नाही की चिडली नाही. "बरं," म्हणाली, "त्या बराकीत जा. उजवीकडे जागा असेल."

आत्या मला पुढे सांगायची, पहिली रात्र ती दाराच्या गजांना धरून उभी होती. तिला वाटत होतं कुणीतरी चुकलंय आणि सकाळी येऊन माफी मागेल. सकाळी शिटी वाजली, सगळ्या बायका दोन दोनच्या ओळीत उकिडव्या बसल्या आणि एकीने त्यांची डोकी मोजली. आत्याचं डोकंही त्यात मोजलं. कमळचं मोजलं नाही. पोरांची गिनती नसते, असं तिला सांगण्यात आलं.

बराकीत शिक्षा झालेल्या बायका थोड्या. बाकीच्या कच्च्या कैदी, म्हणजे ज्यांची केस अजून चालायचीच आहे अशा. एकीला तर कशासाठी आणलं हेच ठाऊक नव्हतं. तिचं डोकं फिरलेलं होतं, तिला ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून ती इथे. आत्याच्या शेजारी द्रौपदीची पथारी होती. द्रौपदी मूळची जालन्याकडची. दुष्काळात नवऱ्याबरोबर घाटकोपरच्या डोंगरावरच्या झोपड्यांत आली, नवरा खाणीत दगडाखाली मेला, आणि ती खालच्या एका बंगल्यात भांडी घासायला लागली. एक दिवस बंगल्यातली बांगडी सापडेना. बांगडी नाही तर बाई, असं म्हणून द्रौपदीला धरलं. जामीन मंजूर झाला होता. पण जामीन राहायला घरदार असलेला माणूस लागतो. तिचा भाऊ शिवदास कुर्ल्याच्या यार्डात हमाली करायचा, त्याच्या नावावर झोपडीसुद्धा नव्हती. तो कोर्टात हात जोडून म्हणाला, "मी हाये ना साहेब, मी कुठं जातो?" साहेब म्हणाले, "ऐपतीचा दाखला?" ऐपतीचा दाखला नव्हता, म्हणून द्रौपदी आत. आत्या गेली तेव्हा तिला तीन वर्षं होऊन गेली होती. एका बांगडीच्या चोरीला कोर्ट देतं तेवढी शिक्षा झाली असती तरी ती एव्हाना बाहेर पडली असती.

"मग तू सांगत नायस कुणाला?" आत्याने विचारलं.

"तारखेला नेतात, सांगते. साहेब म्हणतो, फिर्यादी आला नाही, पुढची तारीख. फिर्यादी घर विकून गेला म्हणे गुजरातेत." द्रौपदी हे शांतपणे सांगायची. आत्याला त्या शांतपणाचीच चीड यायची.

"अगो, तू ओरडत का नायस?"

"ओरडले होते बाई पहिल्या वर्षी. आवाज गेला, बाकी काही गेलं नाही."

महादू महिन्यातून एकदा मुलाकातीला यायचा. जाळीच्या पलीकडे तो, अलीकडे ती, दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं एकदम ओरडत असलेली. केस चालू व्हायचं नाव घेत नव्हती. कधी सरकारी वकील बदलला, कधी आरोपीच्या छातीत दुखलं. नारळी पौर्णिमेनंतर महादू आला तो मान खाली घालून.

"या वर्षी नारळ कुणी टाकला?" तिने विचारलं.

"मार्तंडने." मग थांबून म्हणाला, "मच्छीमार सोसायटीचा चेअरमन झालाय तो."

आत्याने जाळीवर मूठ मारली. महादू म्हणाला, "सगुणा, ऐक. त्याचा वकील मना भेटला. तू जबाब फिरव. ऊन होता, नीट दिसला नाय, एवढाच बोल. मग तुझी गरज नाय कुणाला. तेवढ्यावर सुटशील. पोरीकडे तरी बघ."

"म्हणजे खोटं बोलले तर घरी, खरं बोलले तर हितं?"

"मी नाय केला हा कायदा."

"मग ज्यानी केला त्याला सांग, की ये आणि माझ्या शेजारी झोप एक रात्र. ढेकूण मोज." आणि जाळीला तोंड लावून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी माझ्या डोल्यांनी बगितला हाय! मार्तंडनी मारला! लिहून घे कुणाला घ्यायचा तर!" शांताबाईने तिला दंडाला धरून आत नेलं. पुढच्या महिन्याची मुलाकात बंद झाली.

पोरीकडे बघ, असं महादू म्हणाला होता. आत्या बघतच होती. कमळ तुरुंगात चालायला शिकली, तुरुंगात बोलायला. तिचा पहिला शब्द आई नव्हता, पाणी नव्हता. "गिनती." शिटी ऐकली की ती पोर दुडुदुडु धावत ओळीत जाऊन उकिडवी बसायची आणि गुडघ्यांवर हात ठेवायची. बायका हसायच्या. आत्या हसायची नाही. कोळ्याची पोर, आणि समज आल्यापासून तिने समुद्र बघितला नव्हता. पुरुष बघितला नव्हता, डॉक्टर आणि मुलाकातीच्या जाळीपलीकडचा बाप सोडून. चिमण्या-कावळे बघितले होते, मांजर एक होती, कुत्रा नव्हता. बराकीच्या पत्र्याच्या दारावर पाऊस वाजला की ती विचारायची, "कोण आला?"

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला गोवर आला. अंग तव्यासारखं, श्वास खरखरत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा आणि त्याची पाळी अजून दोन दिवस लांब होती. आत्याने शांताबाईचे पाय धरले. शांताबाई म्हणाली, "मी काय करू? मी वर सांगितलंय." मग अंधार पडताना पोरीचे डोळे वर जायला लागले, आणि ज्या द्रौपदीचा आवाज गेला होता तिने जेवणाची ताटली घेतली आणि दारावर बडवायला सुरुवात केली. नुसती ती नाही. एकेक करून सगळी बराक. सुपरिंटेंडेंटच्या घरापर्यंत आवाज गेला. गाडी आली, डॉक्टर आला, सुई दिली. पोर वाचली.

द्रौपदीला पंधरा दिवस अंधारकोठडी झाली, दंगा केला म्हणून. बाहेर आली तेव्हा डोळे चोळत म्हणाली, "पोरगी कशी हाये?" आत्याने तिला मिठी मारली आणि त्या वेळी पहिल्यांदा तुरुंगात ती रडली. रडणं संपल्यावर म्हणाली, "तुला मी हितून काढणार. मी सुटले की पहिला काम हेच." द्रौपदीने मान डोलावली, जशी लहान पोराच्या बोलण्यावर डोलावतात.

अडुसष्टच्या पावसाळ्यात केस उभी राहिली. आत्याला दोन शिपाई घेऊन आले, तिच्या कडेवर कमळ. मार्तंड पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, त्याच्या मागे अर्धा कोळीवाडा. आत्याने शपथ घेतली आणि जे बघितलं ते सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. कोण कुठे उभा होता, कुणी हात धरले, मग वल्हं कुठे धुतलं. हे तिथे असलेले लोक मला आजही सांगतात.

मग मार्तंडचा वकील उठला. बारीक आवाजाचा, घाई नसलेला माणूस.

"बाई, आपण आज कुठून आलात?"

"तुरुंगातून."

"किती काळ आहात तिथे?"

"दोन वरसं होतील."

"कुणी ठेवलं आपल्याला तिथे?"

"पोलिसांनी."

"जेवण कोण देतं?"

"सरकार देतो. जेवण म्हणायचा असेल तर."

"आपल्या गावच्या कुणाशी, नातलगांशी मोकळेपणी बोलता येतं?"

"नाय."

वकील न्यायाधीशांकडे वळला. म्हणाला की, महाराज, ही स्त्री दोन वर्षं पोलिसांच्या मुठीत आहे. त्यांचं अन्न खाते, त्यांच्या परवानगीशिवाय कुणाला भेटत नाही, पढवलेला जबाब पाठ म्हणते. अशा साक्षीवर एका प्रतिष्ठित माणसाला आपण फासावर चढवणार का? गावातला दुसरा एकही माणूस पुढे येत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

आत्याला समजायला एक क्षण लागला. मग समजलं. ज्या तुरुंगात तिला साक्ष जपायला म्हणून टाकलं, तो तुरुंगच आता तिच्या साक्षीला काळं फासत होता. तिने कठड्यावर दोन्ही हात आपटले. "अरे, मी काय हौसेनी गेले तिकडे? हा बाहेर, म्हणून मी आत! ह्याला बांधा, मग मना कशाला बांधायला लागतंय?"

न्यायाधीश म्हणाले, "बाई, विचारलं तेवढंच बोला. नाहीतर कोर्टाचा अवमान होईल."

"माझा झाला तो कुठे लिहिणार?"

ते उत्तर कुणी लिहून घेतलं नाही. कमळ रडायला लागली, शिपायाने तिला बाहेर नेलं.

निकाल लागला तेव्हा न्यायाधीशांनी संशयाचा फायदा दिला. मार्तंड सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला हार घातले, पेढे वाटले. धर्माची आई एका कोपऱ्यात बसली होती, तिच्याही हातावर कुणीतरी पेढा ठेवला. त्या माणसाचं नाव मला माहीत आहे. लिहीत नाही, त्याचे नातू आता माझे शेजारी आहेत.

आणि आत्या? आत्याला शिपायांनी पुन्हा व्हॅनमध्ये बसवलं. ती म्हणाली, "केस संपली ना?" शिपाई म्हणाला, "संपली. पण तुम्हाला सोडायचा कागद नाही आला." आरोपी त्या संध्याकाळी घरी जेवला. साक्षीदार तुरुंगात परतली, ओळीत उकिडवी बसली, तिचं डोकं मोजलं गेलं. सुटकेचा हुकूम काढायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. महादू रोज कोर्टात खेटे घालत होता तेव्हा कुठे दोन आठवड्यांनी तो निघाला. त्या दोन आठवड्यांत ती कुणासाठी आत होती, हे मी पुढे कितीतरी वकिलांना विचारलं. अजूनही विचारतो.

घरी आली तेव्हा कमळ समुद्र बघून किंचाळली. एवढं मोकळं तिने कधी बघितलं नव्हतं. रात्री दाराला बाहेरून कडी घातल्याचा आवाज आल्याशिवाय तिला झोप लागेना, म्हणून महादू बिचारा कित्येक दिवस बाहेर जाऊन कडी वाजवायचा आणि मागच्या दाराने आत यायचा. माझ्या बापाने एक सुरमई घेऊन बहिणीच्या दारात पाऊल टाकलं. तिने सुरमईकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाठ कर आणि जा. तुला सवय हाय." तो गेला. नंतर तो आमच्या घरी कधी तिचं नाव घेत नसे. मी मात्र शाळेतून सुटलो की तिच्याकडेच जायचो.

बाजारात बसायला लागल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात टोपली शेजारणीच्या स्वाधीन केली आणि घाटकोपरच्या केसचं कोर्ट शोधत निघाली. माझ्या आजीने, म्हणजे तिच्या आईने, आपलं घर तिच्या नावावर केलं होतं, छोटं, पण पक्क्या भिंतींचं. त्याचा ऐपतीचा दाखला तिने मिळवला. मिळवायला तिला चार महिने लागले, कारण तलाठ्याला भेटायला गेलं की तो नसायचा आणि तो असला की साहेब नसायचे. शेवटी ती कचेरीच्या दारात बोंबलाची टोपली घेऊन बसली. दुपारपर्यंत दाखला मिळाला.

कोर्टातल्या कारकुनाने कागद बघितले. "आरोपी तुमची कोण?"

"बहीण."

त्याने दोन्ही नावं पुन्हा वाचली. "तुम्ही कोळी. ती..."

"ती काय?"

"म्हणजे, जातीने..."

"ती बौद्ध हाय. माझी बहीण हाय. तुझ्या कागदावर बहीण लिहायला जागा हाय ना? मग लिही."

बाजारात तिच्याकडून मासळी घेणाऱ्या सुनंदाबाई म्हणून एक वकील होत्या, दहिसरला राहायच्या. आत्याच्या सांगण्यावरून त्या दिवशी त्या आल्या होत्या. त्यांनी नुसता जामीन मागितला नाही. फाईल मागवा म्हणाल्या. फाईल शोधायला वेळ लागला, मिळाली तेव्हा तिच्यावर धूळ होती. फिर्यादीला शेवटचं समन्स कित्येक वर्षांपूर्वी पाठवलं होतं, ते मॅजिस्ट्रेटने वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. पुढच्या तारखेला द्रौपदी निर्दोष सुटली. जामिनाची गरजच पडली नाही. पाच वर्षांहून जास्त दिवस गेले होते. कुणी चुकलो म्हणालं नाही. हुकुमात तेवढं लिहिलं होतं, पुराव्याअभावी.

घाटकोपरच्या डोंगरावर तिची झोपडी राहिली नव्हती, तिथे दुसरं बिऱ्हाड नांदत होतं. आत्या तिला कोळीवाड्यात घेऊन आली. गावात कुजबुज झाली. आत्याने गल्लीत उभं राहून विचारलं, "कुणाला काय बोलायचा हाय? समोर येऊन बोला." कुणी आलं नाही. द्रौपदी आजीच्या त्या छोट्या घरात राहिली आणि दहिसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मी तिला मावशी म्हणायचो. घरात तिने बाबासाहेबांचा फोटो लावला. नारळी पौर्णिमेला आत्या तिच्याकडे नारळीभात द्यायची आणि चौदा एप्रिलला तिच्याकडची खीर आत्याकडे यायची.

इथे एखाद्याने थांबवलं असतं. आत्याने नाही. तिला त्या बराकीतल्या बाकीच्या बायकांची नावं पाठ होती. सुनंदाबाईंना घेऊन ती एकीएकीच्या मागे लागली. जिच्याकडे जामीनदार नाही तिला ही जामीनदार. पण एकाच घरावर माणूस किती जणींना जामीन राहणार? त्र्याहत्तर साली सरकारी वकिलाने हरकत घेतली. म्हणाला, ही बाई धंदेवाईक जामीनदार दिसते, दर तारखेला हजर असते, हिचा काहीतरी व्यवहार असणार. मॅजिस्ट्रेटने तिचा जामीन नाकारला.

"व्यवहार?" आत्या म्हणाली. "मी यांच्याकडून काय घेते? ढेकूण?"

त्यांनी तिला बाहेर काढलं. ती तडक बाजारात आली आणि रांगेतल्या बायकांपुढे उभी राहिली. तिने भाषण वगैरे केलं नाही. मी तिथे होतो. ती एवढंच म्हणाली, "घर कुणाच्या नावावर हाय तुमच्यात? नवऱ्याच्या नाय, स्वताच्या. हात वर करा." कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांची घरं पुष्कळदा त्यांच्याच नावावर असतात. काही हात वर झाले. एकीने विचारलं, "कशाला गो?" आत्याने सांगितलं. ती म्हणाली, "माझी नात तशीच कुणी टाकली असती तर मी काय केलं असतं? येते मी." तिच्याही आधी जी उठली ती धर्माची आई होती.

पुढच्या तारखेला कोर्टात आठ-दहा कोळणी आल्या, नाकात नथ, अंबाड्यात अबोलीची वेणी, टोपल्या बाहेर व्हरांड्यात ठेवलेल्या. सगळीकडे वास सुटला. मॅजिस्ट्रेटने नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "हे काय आहे?"

सुनंदाबाई म्हणाल्या, "जामीनदार, महाराज. प्रत्येकीचा स्वतंत्र ऐपतीचा दाखला जोडला आहे. कुणीही धंदेवाईक नाही. म्हणजे, मासे विकतात, तेवढंच."

सरकारी वकील उठला, दाखले मोजले आणि परत खाली बसला. मॅजिस्ट्रेटने दाखले एकेक करून बघितले, शिक्के उलटसुलट करून पाहिले. कंटाळून शेवटी म्हणाले, "एकेक पुढे या." धर्माची आई पुढे गेली आणि शाईत अंगठा बुडवला.

त्या दिवशी तीन बायका सुटल्या. एक दारू गाळण्याच्या केसमधली, एक भांडणाच्या, एक कशातली ते तिलाच नीट सांगता येईना. कोर्टातून बाहेर येताना बायका आनंदात होत्या, कुणीतरी रस्त्यावर भजी घेतली. आत्या भजी खाईना. मी विचारलं, "आत्या, आता काय झालं? तीन सुटल्या ना?"

"तीन सुटल्या," ती म्हणाली. "आणि जी वेडी होती, जी मी जायच्या आधीपासून हाय, तिच्यासाठी कोर्टच नाय. तिच्यावर केसच नाय, मग तारीख कसली लावणार, असा बोलला कारकून. केस नाय म्हणून सुटायची पण सोय नाय!" तिचा आवाज चढला, रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. "माझ्या अंगाला अंग लावून झोपायची ती. मना विचारायची, पोरीला थंडी वाजते का."

मी तिला म्हटलं, हळू बोल, लोक बघतायत.

"बघू दे," आत्या म्हणाली. मग तिने पदर कमरेला खोचला आणि सुनंदाबाईंना हाक मारली, की बाई, त्या वेडीचा कागद कुठल्या कचेरीत असेल, आत्ताच जाऊ, अजून बंद झाली नसेल.